रांगेत पुढचा कोण? विदर्भाच्या रणजी संघाची गोष्ट

मागच्या भागाचा लेखी मजकूर बऱ्याच जणांनी मागितला होता, कारण आकडे ऐकताना निसटतात. जे बोललो तेच इथे आहे, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत.

तर सुरुवात एका चेंडूपासून करू.

२१ फेब्रुवारी २०२५, अहमदाबाद. रणजी करंडकाची उपांत्य फेरी, केरळ विरुद्ध गुजरात. केरळचा पहिला डाव ४५७. गुजरातची शेवटची जोडी मैदानात, धावफलकावर ४५५. पहिल्या डावात ज्याची आघाडी तो फायनलला जाणार, हे सगळ्यांना माहीत. गुजरातच्या अर्झान नागवासवालाने जोरात बॅट फिरवली, चेंडू शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळला आणि उंच उडून स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात पडला. आऊट. दोन धावांची आघाडी आणि केरळ पहिल्यांदाच रणजी फायनलमध्ये.

तो व्हिडिओ तुम्ही शंभर टक्के पाहिला असणार. पण चेंडू टाकणारा कोण होता? आदित्य सरवटे. आपला. नागपूरचा. विदर्भाला सलग दोन रणजी करंडक जिंकून देणाऱ्या संघातला डावखुरा फिरकीपटू, २०१८-१९ च्या फायनलचा सामनावीर. तो त्या मोसमात केरळकडून खेळत होता. आणि फायनल कोणाशी होती? विदर्भाशी. कुठे? जामठ्याला, सरवटेच्या घरच्या मैदानावर.

तेव्हा आमच्याकडे वर्धेत जो वाद पेटला, तो आज आपला विषय. एक बाजू म्हणत होती, "घरचं पोरगं परक्याच्या दारात कामाले गेलं आन् बाहेरच्याईले आपण पाटावर बसवून जेवू घालून राह्यलो." दुसरी बाजू म्हणत होती, "अरे भाऊ, हर्ष दुबे आला ना आता. एका टीमात दोन डावखुरे स्पिनर किती दिवस चालतीन?" दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच वाद संपत नव्हता. त्याची मुळं मात्र बरीच मागे जातात.

त्याआधी थोडं अमेरिकेत जाऊन येऊ, फार वेळ घेणार नाही. माझ्या कामात अमेरिकेतल्या लोकांशी रोज बोलणं होतं आणि कॉलची पहिली पाच मिनिटं हमखास बेसबॉलवर जातात. त्यातला एक शब्द मला फार आवडतो, 'रीबिल्ड'. म्हणजे संघ जुना झाला, जिंकत नाही, तर म्हातारे होत आलेले मोठे खेळाडू दुसऱ्या संघांना द्यायचे, बदल्यात त्यांची तरुण पोरं घ्यायची, आणि तीन-चार वर्षं मुकाट्याने हरत बसायचं. त्या पोरांना म्हणतात 'प्रॉस्पेक्ट'. कोणतं पोर कधी वर येणार, कोणाच्या कोपराचं ऑपरेशन झालंय, कोणाला अजून खाली ठेवायला हवं, यावर तिथले लोक अख्खा हिवाळा भांडतात.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ह्यूस्टन ॲस्ट्रोज. एका मोसमात १६२ सामने असतात. या संघाने २०११ मध्ये १०६ सामने हरले, २०१२ मध्ये १०७, २०१३ मध्ये १११. तीन वर्षांत दोन तृतीयांश सामने पराभव! पण तिथे हरण्याचं बक्षीस मिळतं. तेव्हा जो शेवटचा, त्याला पुढच्या ड्राफ्टमध्ये नव्या खेळाडूंपैकी पहिला खेळाडू उचलायचा मान मिळायचा. ॲस्ट्रोजने तो मान सलग तीन वर्षं वापरला, २०१२ मध्ये कार्लोस कोरिया मिळवला आणि १ नोव्हेंबर २०१७ ला वर्ल्ड सिरीज जिंकली. (नंतर कळलं की त्या मोसमात ते कॅमेऱ्यातून समोरच्या संघाच्या खाणाखुणा चोरत होते. २०२० च्या जानेवारीत त्यांच्यावर कारवाईही झाली. तो वेगळा एपिसोड.)

तारीख लक्षात ठेवा, १ नोव्हेंबर २०१७. बरोबर दोन महिन्यांनी, १ जानेवारी २०१८ ला, विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. विदर्भ रणजीत उतरला १९५७-५८ मध्ये. म्हणजे आपणही हरलो, आणि तीन वर्षं नाही, साठ वर्षं. पण आपल्याला हरण्याचं बक्षीस कोणी दिलं नाही. ड्राफ्ट नाही, अदलाबदल नाही, काही नाही. उलट आपल्याकडे जो चांगला निघाला तो बाहेर जायचा. सी. के. नायडूंचंच बघा. भारताचे पहिले कसोटी कर्णधार, जन्म नागपूरचा, १८९५ चा. पण रणजीत त्यांचं नाव जोडलं गेलं इंदूरच्या होळकर संघाशी आणि त्या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. नव्वदच्या दशकात भारताकडून एकदिवसीय सामने खेळलेला आपला वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य, तोही बंगालकडून खेळला. सरवटे काही आभाळातून पडलेला पहिला नव्हे.

आणि रांगेचं गणित बघा. महाराष्ट्रात रणजीचे संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. विदर्भात जिल्हे ११. या अकरा जिल्ह्यांसाठी संघ एक आणि जागाही अकराच. म्हणजे हिंगणघाटच्या नाहीतर आर्वीच्या एखाद्या पोराला, जो टेनिस बॉलच्या नाइट स्पर्धा गाजवतो, त्याला नागपूरची सगळी पोरं ओलांडून पुढे जायचंय. आणि त्या अकरामधल्या दोन-तीन जागा बाहेरून आणलेल्या खेळाडूंना गेल्या, तर चीड येणारच ना.

या बाहेरच्या खेळाडूंना क्रिकेटमध्ये 'प्रोफेशनल' म्हणतात, आपल्याकडे 'पाहुणे'. आपल्या राज्याच्या असोसिएशनकडून ना हरकत दाखला घ्यायचा आणि दुसरीकडे करारावर खेळायचं. विदर्भाने २०१४-१५ मध्ये तामिळनाडूचा बद्रीनाथ आणि कर्नाटकचा गणेश सतीश आणला. पुढच्या वर्षी मुंबईचा वसीम जाफर आला.

जाफरची गोष्ट मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण दुखापत, पैसा आणि जागा या तिन्ही गोष्टी तिच्यात एकत्र येतात.

२०१६-१७ चा मोसम जाफरला दुखापतीमुळे खेळता आला नाही. वय ३८ च्या पुढे. आता कोणत्याही हिशेबाने हा करार बुडीत खात्यात गेला. अमेरिकेतला फॅन म्हणाला असता, सोडून द्या. आमचा कट्टा तेच म्हणत होता, तेही कमी सभ्य भाषेत. पण असोसिएशनने त्याचे ठरलेले पैसे वेळेवर दिले होते. म्हणून पुढच्या मोसमात, २०१७-१८ मध्ये, जाफर विदर्भाकडून मानधन न घेता खेळला. ज्या पाहुण्याबद्दल 'आपल्या पोराची जागा अडवून बसलाय' असं म्हटलं जात होतं, तो त्या वर्षी फुकट खेळत होता.

त्याच वर्षी प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले. शिस्तीचे कडक, मुंबईला आधी रणजी जिंकून दिलेले. कर्णधार फैज फझल, पूर्ण घरचा माणूस. आणि गोलंदाजीत एक असं नाव, ज्याच्यावर आम्हा इंजिनिअर लोकांचा थोडा जास्त जीव आहे. रजनीश गुरबानी, सिव्हिल इंजिनिअर. पदवी घेऊन इंजिनिअरिंग सोडलेले आपल्याकडे ढिगाने आहेत, पण सोडून रणजी गाजवणारा हा एकच माझ्या माहितीत.

उपांत्य फेरी कोलकात्यात, ईडन गार्डन्सवर, कर्नाटकशी. विदर्भ पहिल्या डावात १८५ वर गारद. कर्नाटकने ३०१ केल्या, त्यात एकट्या करुण नायरच्या १५३. आपला मोसम तिथेच संपल्यात जमा होता. पण दुसऱ्या डावात ३१३ झाल्या, कर्नाटकला १९८ हव्या होत्या आणि ते १९२ वर सर्वबाद झाले. पाच धावांनी विजय. गुरबानीचे सामन्यात १२ बळी.

मग फायनल इंदूरला, दिल्लीविरुद्ध. मैदानाचं नाव होळकर स्टेडियम. नायडूंची आठवण येते की नाही? आणि नेमकं तेव्हा उमेश यादव नव्हता. खापरखेड्याचा उमेश, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, पोलीस भरतीत हुकलेला आणि विदर्भाचा पहिला कसोटीपटू. तो भारतीय संघासोबत दक्षिण आफ्रिकेला गेला होता. त्याच्या जागी पंडितांनी उतरवला १९ वर्षांचा आदित्य ठाकरे. (नाही, ते नाहीत. हा आपला वेगवान गोलंदाज.) प्रथम श्रेणीतलं त्याचं पदार्पण थेट रणजीच्या फायनलमध्ये!

दिल्लीकडून ध्रुव शोरीने १४५ केल्या. गुरबानीने ५९ धावांत ६ बळी घेतले आणि त्यात हॅट्ट्रिक. रणजी फायनलच्या इतिहासातली ही दुसरीच. हॅट्ट्रिकचा तिसरा बळी तोच शोरी, त्रिफळाचीत. मग त्याच मोसमात पदार्पण केलेल्या अक्षय वाडकर या यष्टिरक्षकाने १३३ केल्या, सरवटेने ७९, सिद्धेश नेरळने ७४. विदर्भ ५४७. शेवटी जिंकायला २९ हव्या होत्या आणि विजयी धावा निघाल्या जाफरच्या बॅटमधून.

करुण नायर आणि ध्रुव शोरी ही दोन नावं लक्षात ठेवा. त्या मोसमात आपल्याला सगळ्यात जास्त छळलेले हे दोघं. पुढे लागतील.

२०१८-१९ बद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो आनंदाचा काळ होता आणि आनंदावर भांडायला काही नसतं. चाळिशी ओलांडलेल्या जाफरने १०३७ धावा केल्या. उपांत्य फेरीत वायनाडला उमेशने केरळला १०६ आणि ९१ मध्ये गुंडाळलं, सामन्यात १२ बळी. जामठ्याच्या फायनलमध्ये सौराष्ट्रविरुद्ध सरवटेने ११ बळी घेतले. चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत त्यानेच काढलं, १ आणि ०. ७८ धावांनी विजय, सलग दुसरा करंडक. त्यानंतर इराणी करंडकही जिंकला आणि त्याची बक्षिसाची रक्कम पुलवामातल्या शहिदांच्या कुटुंबीयांना दिली.

आणि मग उतार.

पंडित २०२० मध्ये मध्य प्रदेशकडे गेले आणि दोनच वर्षांत त्यांनी त्या संघालाही रणजी जिंकून दिली. जाफर २०२० च्या मार्चमध्ये निवृत्त झाला. उमेशची पोटरी डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नच्या कसोटीत दुखावली आणि तो दौऱ्याबाहेर गेला. वेगवान गोलंदाजांचं हे फार वाईट असतं बघा. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याचं कोपर जातं. तिथला लिगामेंट बदलायचं ऑपरेशन १९७४ मध्ये पहिल्यांदा ज्याच्यावर झालं त्या टॉमी जॉनच्या नावानेच ते ओळखलं जातं, आणि त्यातून परत यायला वर्षभर तरी लागतं. आपल्याकडच्या वेगवान गोलंदाजाची पाठ जाते. पुढचा पाय दाणकन आपटतो, कंबर त्याच क्षणी वाकते आणि पिळते, आणि मणक्याच्या खालच्या हाडाला बारीक तडा जातो. वीस-बावीसच्या पोरांना हे जास्त होतं, कारण हाड अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. म्हणून जेव्हा कट्ट्यावर कोणी म्हणतो, "त्याले दर मॅच काऊन नाही खेळवत?", तेव्हा मी म्हणतो, कारण त्याची पाठ त्याला पुढे दहा वर्षं पुरवायचीय.

या उताराच्या काळातही एक भन्नाट सामना झाला. जानेवारी २०२३, जामठा, समोर गुजरात. चौथ्या डावात गुजरातला फक्त ७३ हव्या होत्या. ते ५४ वर आऊट झाले! रणजीच्या इतिहासात इतकं छोटं लक्ष्य कोणी कधी वाचवलं नव्हतं. सरवटेचे १७ धावांत ६ बळी. पण विदर्भ त्या मोसमात बाद फेरीत गेलाच नाही. एक सामना जिंकायला एक माणूस पुरतो, मोसमाला नाही पुरत.

आता २०२३ चा उन्हाळा संपताना काय झालं ते ऐका. विदर्भाने दोन पाहुणे आणले. कोण? करुण नायर आणि ध्रुव शोरी. हो, तेच दोघं. ज्या करुणने ईडनवर १५३ ठोकल्या तो, आणि गुरबानीच्या हॅट्ट्रिकचा जो तिसरा बळी होता तो. करुणने कसोटीत त्रिशतक मारलं होतं, नाबाद ३०३, चेन्नईला २०१६ मध्ये. आणि सहा वर्षांनी त्याला स्वतःच्या राज्याच्या संघातही जागा नव्हती. अशा माणसाला घ्यायचं की हिंगणघाटच्या पोराला? वाद पुन्हा तोच.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर कमेंटमध्ये या. पाहुणा किती धावा करतो हे मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. तो गेल्यावर मागे कोण उभं राहतं, हे पहिलं. जाफर गेला तेव्हा त्याच्यासोबत ड्रेसिंग रूममध्ये बसलेला वाडकर मागे राहिला, आणि तो पुढे कर्णधार झाला. आमच्या धंद्यात बाहेरून सल्लागार आणतात. तो जाताना सगळं ज्ञान घेऊन गेला तर कंपनी बसते, आणि चार पोरांना शिकवून गेला तर पैसे वसूल. इथेही हिशेब तोच आहे. पण हे मी वर्धेत खुर्चीत बसून म्हणतोय. रांगेतल्या पोराचं वय दरवर्षी एकने वाढतं, आणि तेवीस वर्षांखालच्या संघातून एकदा बाहेर पडलं की पुढचा दरवाजा थेट रणजीचा असतो. त्याला माझं मत ऐकवून उपयोग नाही.

असो. मार्च २०२४, वानखेडेवर फायनल, मुंबईविरुद्ध. विदर्भ पहिल्या डावात १०५. सामना तिथेच गेला म्हणायला हरकत नाही. लक्ष्य मिळालं ५३८. पण चौथ्या डावात वाडकरने १०२ केल्या, करुणने ७४ आणि हर्ष दुबे नावाच्या पोराने ६५. ३६८ पर्यंत गेलो, १६९ धावांनी हरलो. फैज फझल त्याच्या आधीच्या महिन्यात, फेब्रुवारीत, निवृत्त झाला होता. मग सरवटे केरळला गेला, गुरबानी महाराष्ट्राच्या संघात गेला. २०१८ ची टोळी पांगली.

आणि इथे रांग कामाला आली.

२०२४-२५ चा मोसम. सरवटेच्या जागी डावखुरी फिरकी टाकायला हर्ष दुबे, बावीस वर्षांचा. त्याने एका मोसमात ६९ बळी घेतले. रणजीच्या इतिहासातला हा विक्रम; आधीचा बिहारच्या आशुतोष अमनचा ६८ चा होता. वर ४७६ धावा. यश राठोडने ९६० धावा केल्या. दानिश मालेवार, वय २१, पहिलाच मोसम, ७८३. पाहुणा करुण ८६३. उपांत्य फेरीत मुंबईला ८० धावांनी हरवून वानखेडेचा हिशेब चुकता केला. पार्थ रेखडे या पोराने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबेला काढलं तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्यूटवर होतो. देवाची कृपा.

मग फायनल. २६ फेब्रुवारी ते २ मार्च २०२५, जामठा.

वर्धेहून नागपूरला निघालात तर बुटीबोरी सोडल्यावर, नागपूर लागायच्या आधीच हे स्टेडियम येतं. रस्त्याचं नावच वर्धा रोड. म्हणून आम्ही म्हणतो, मैदान नागपूरचं असेल पण तोंड आमच्याकडे आहे. आणि त्या अकरात एक पोरगा वर्ध्यात जन्मलेला होता. दर्शन नळकांडे.

दर्शन आठवतो का? नोव्हेंबर २०२१, सय्यद मुश्ताक अली स्पर्धेची उपांत्य फेरी, कर्नाटकविरुद्ध शेवटच्या षटकात लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी. तरी आपण तो सामना चार धावांनी हरलो. पुढे एप्रिल २०२२ मध्ये गुजरात टायटन्सकडून आयपीएलमधलं पदार्पण पंजाबविरुद्ध, आणि तिथेही दोन चेंडूंत दोन बळी. त्यातला पहिला कोण, तर अमरावतीचा जितेश शर्मा. त्याआधी तीन मोसम पंजाबच्याच संघात तो होता आणि एकही सामना मिळाला नव्हता. रांगेत उभं राहणं म्हणजे काय ते दर्शनला विचारा.

फायनलच्या दिवशी पहिल्या षटकात सलामीचा रेखडे शून्यावर गेला. आणि तिसऱ्या नंबरला कोण उतरला? दर्शन. गोलंदाज! आमचा अर्धा कट्टा उठून उभा राहिला, अर्ध्याने डोक्याला हात लावला. २१ चेंडू अडवून एक धाव काढून तो परतला. २४ ला ३. मग मालेवार आणि करुण यांनी २१५ धावांची भागीदारी केली. मालेवार १५३, करुण ८६ वर धावबाद, विदर्भ ३७९.

केरळ उतरल्यावर पहिले दोन्ही सलामीवीर दर्शननेच काढले. आणि मग खेळपट्टीवर येऊन कोण चिकटलं? सरवटे. त्याने ७९ केल्या. २०१८ च्या फायनलमध्ये विदर्भासाठी किती केल्या होत्या? ७९. तोच आकडा, तोच माणूस, आता समोरून. कर्णधार सचिन बेबी ९८ वर बाद झाला, शतक आणि आघाडी दोन्ही हुकलं, आणि केरळ ३४२ वर थांबला. आघाडी आपली, ३७ धावांची.

दुसऱ्या डावात करुणने १३५ केल्या. त्याला बाद कोणी केलं? सरवटेने, यष्टिचीत. आपल्या मैदानावर, आपल्या पाहुण्याला, आपल्याच पोराने. त्या क्षणी टाळी कोणासाठी वाजवायची हे आमच्यात कोणालाच कळेना. एक काका म्हणाले, "दोघाईसाठीबी वाजव ना बे, हात दोनच लागतेत."

शेवटच्या दिवशी विदर्भ खेळत राहिला. आघाडी होतीच, सामना अनिर्णित राहिला तरी करंडक आपला. नववी विकेट पडली होती आणि खेळपट्टीवर दर्शन. पहिल्या डावात तिसऱ्या नंबरला एक धाव काढणारा, आता तळाला येऊन खेळत होता. प्रथम श्रेणीतलं त्याचं पहिलं अर्धशतक पूर्ण झालं, धावफलक ९ बाद ३७५, आणि तिथेच दोन्ही कर्णधारांनी हात मिळवले. विदर्भाचा तिसरा रणजी करंडक. दर्शन नळकांडे नाबाद ५१.

त्यानंतर लगेच पुढचा उन्हाळा आला. करुण जूनमध्ये इंग्लंडला भारताकडून कसोटी खेळला आणि मग कर्नाटकला परत गेला. जितेश बडोद्याला गेला. म्हणजे ८६३ धावांची जागा मोकळी, आणि यष्टिरक्षणात वाडकरच्या मागचा माणूसही गेला. कट्ट्यावर पुन्हा तेच सुरू झालंय: मालेवारला तिसऱ्यावरच ठेवायचं की चौथ्यावर आणायचं, राठोडला वर ढकलायचं का, दुबे आयपीएल आणि भारत 'अ' मध्ये गेला की त्याच्या जागी रेखडे पुरेल का, यश ठाकूर आणि नचिकेत भुते या दोघांना अख्ख्या मोसमात आलटून पालटून वापरणार की दोघांच्याही पाठीचा चुराडा करणार. आणि नवीन पाहुणा आणायचा का.

माझं म्हणणं, करुणच्या जागी या वर्षी बाहेरचा नको. तीन-चार सामने हरलो तरी चालेल, ती जागा घरच्या पोराला द्या. काकांचं म्हणणं, "हारल्यावर तूच पहिला शिव्या देशीन." तुमचं काय ते कळवा. पुढच्या भागात तो कॅमेऱ्यावाला ह्यूस्टनचा किस्सा.